गावावरून गेलेलं विमान

आमच्या गावावर विमान दोनदा घिरट्या घालून परत पुण्याला आलं, आणि त्यात मी बसले होते. जाऊ दे, रागावू नको, असं मला मुलाने सांगून झालं, सुनेने सांगून झालं, हिंजवडीला नोकरी करणाऱ्या नातीनेही सांगून झालं. मी बोलायला लागले की घरातलं कुणीतरी चहा करून आणतं आणि विषय बदलतं. कागदावर तसं करता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

मी मूळची दक्षिण कोकणातली, खाडीकाठची. लग्न होऊन पिंपरीला आले तेव्हा किनाऱ्याने बोटी चालायच्या. आमच्या बंदराला धक्का नव्हता. पडावात बसून बोटीपर्यंत जायचं आणि तिथे खलाशी दंडाला धरून वर ओढायचे. मला नवी नवरी म्हणून दोघांनी ओढलं, याचाच मला केवढा अभिमान! वर पोचताच मी आजूबाजूला बसलेल्या बायकांना सांगत सुटले, ‘मी काय, दर महिन्याला येणार माहेरी. बोट आहे ना.’ घटकाभराने यजमानांच्या लग्नातल्या पँटीवर मला ओकारी झाली. तोंड धुतलं, पदर सारखा केला आणि पुन्हा सांगायला लागले, दर महिन्याला येणार. असलं ते ध्यान होतं.

मुंबईहून आगगाडीने पिंपरी. यजमान कारखान्यात फिटर होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हौसेने पवना नदी दाखवायला नेलं. मी काठावर उभी राहून विचारलं, ‘बंदर कुठल्या बाजूला?’ त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. मी कसली चेष्टा करते! आमच्याकडे नदी म्हणजे बोट, बोट म्हणजे बंदर. चाळीत साताऱ्याच्या, बीडच्या, नगरच्या बायका होत्या, त्यांना मी समजावून सांगितलं की सध्या पाणी कमी आहे, जरा वाढलं की इथवर बोट येईल. एकीने तर मला बांगडे आणायला सांगून ठेवलं. पुढे कित्येक वर्षं मी त्या चाळीत ‘बंदरवाली’ होते. चिडायला हवं होतं. मला ती पदवी वाटायची.

मग बोटी बंद झाल्या. रेल्वे येणार म्हणाले. ती आली, पण आम्ही आधी पनवेल गाठायचं, रात्र फलाटावर काढायची आणि मग कोकण. त्यानंतर म्हणाले, चाकणला विमानतळ होणार. तोवर आम्ही रावेतला फ्लॅट घेतला होता आणि मी पन्नाशी ओलांडली होती, म्हणजे अक्कल यायला हरकत नव्हती. पण मी फोन फिरवून माझ्या मोठ्या बहिणीला, आक्काला कळवलंच, ‘तू सरळ चाकणला उतर, मी रिक्षाने घ्यायला येते.’ आमच्या इमारतीमागे जुन्या रावेत गावातल्या एक आजीबाई राहायच्या. मी त्यांनाही ही बातमी दिली. त्या दातात मिश्री घासत म्हणाल्या, ‘व्हय का? आमी पोरी व्हतो तवा रस्त्यावर डांबर पडनार म्हनत व्हते. त्ये पडाया माजी पोरं झाली. तुमचं इमान कदी उतरनार त्ये तुमीच बघा, बाई.’ मला त्यांचा राग आला होता. विमानतळ चाकणचा आणखी कुठेतरी गेला, तिथूनही पुढे कुठेतरी जाणार म्हणतात. आजीबाई बरोबर होत्या आणि मी बंदरवालीच राहिले.

आता आक्काबद्दल. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिचं सासर आमच्याच गावात, त्यामुळे तिने गाव कधी सोडलंच नाही. आमच्या गावदेवीची जत्रा भात झोडून झालं की भरते. त्या जत्रेत माहेरवाशिणींनी देवीची ओटी भरायची. आई गेली त्या वर्षी आम्ही दोघींनी एकाच खणाची दोन टोकं धरून ओटी भरली होती, आणि तेव्हा ठरवलं होतं की जमेल तितकी वर्षं अशीच भरायची. जमली किती? मुलं, परीक्षा, यजमानांची नाईट शिफ्ट, त्यांचं आजारपण, मग माझ्या पाठीचा मणका. डॉक्टरांनी घाटातला बसचा प्रवास बंद केला. गेली काही वर्षं आक्का एकटीच ओटी भरत होती.

या वर्षी तिच्या सुनेचा फोन आला की आक्काच्या डोळ्यांत काचबिंदू वाढलाय. एका डोळ्याने दिसत नाही आणि दुसऱ्याला कडेकडेचं थोडंसं. मग आक्का स्वतः फोनवर आली.

‘चेडवा, माका अजून देवी दिसता. अशी मान वाकडी केलंय तर दिसता. फुडल्या जत्रेक दिसात की नाय, काय ठावक नाय. ह्या वर्षी ये. एकदा दोघी मिळान भरूया.’

आक्काने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. हे मागितलं.

आता यात एक अडचण आहे आणि ती बाहेरच्या माणसाला सांगितली की तो हसतो. आमच्या जत्रेची तारीख कॅलेंडरात नसते. गावचे मानकरी देवळात जमतात, पाषाणाला तांदळाचे दाणे लावतात आणि देवीला विचारतात. कौल उजवा पडेपर्यंत विचारत राहायचं. देवीने हो म्हटलं की तारीख गावाला कळते आणि गावाकडून मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांना. हाताशी थोडेसे दिवस उरतात. तेवढ्यात बस, रेल्वे, सगळं भरून जातं.

पण या वेळी मी निर्धास्त होते. कारण वर्तमानपत्रात रोज काही ना काही सुरू होत होतं. मुंबईहून गाड्यांसकट माणसं नेणारी बोट सुरू होणार. पुण्याहून आमच्या जिल्ह्यात विमान सुरू झालं. शेजारच्या गोव्याला तर दिवसातून कितीतरी. रंगीत फोटो यायचे: फीत, फुगे, फेटे बांधलेले पाहुणे, पहिल्या प्रवाशाच्या हातात नारळ. मुलगा म्हणाला, ‘आई, आपण बोटीने जाऊ. गाडीही नेऊ, तुला मागे आडवं पडता येईल.’ मी लगेच विशीतली झाले. बॅगेत आवळासुपारीची डबी टाकली, बोट लागते म्हणून. बोट आज सुटणार, पुढच्या आठवड्यात सुटणार, हवामान बघून सुटणार, धक्क्याचं काम झालं की सुटणार. आवळासुपारी मी घरीच संपवली.

तेवढ्यात कौल झाला. तारीख कळली. नातीने मोबाइलमध्ये बघून सांगितलं, ‘आजी, जत्रेच्या दिवशी फ्लाइट नाही. पण आदल्या दिवशी आहे, आणि एक सीट मिळतेय.’ मी म्हटलं, घे. तिने घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी मी आक्काला फोन केला.

‘मी उद्या इमानान येतंय. तुझ्या घरावरसूनच जातला. अंगणात उभी रव.’

‘माका दिसात?’

‘मी वरसून हात दाखवतंय. तू खालसून दाखव.’

बघा, बहात्तर वर्षांची बाई. विमानाच्या खिडकीतून हात दाखवणार होती. विशीतल्या मुलीला मी उगीच हसते.

लोहगावच्या विमानतळावर त्यांनी मला चाकाच्या खुर्चीत बसवलं. मला चालता येतं, असं मी सांगत होते, पण पाठीचं कुणीतरी लिहून दिलं होतं म्हणून बसवलंच. तपासणीत ओटीचं सामान उघडलं. खण, तांदूळ, हळकुंड, बांगड्या आणि सुक्या खोबऱ्याची वाटी. तिथली मुलगी म्हणाली, ‘आजी, खोबरं नाही नेता येणार. पेट घेतं.’ मी म्हटलं, ‘बाई गं, आमच्या घरात पन्नास वर्षं आहे, कधी पेटलं नाही.’ तिलाही हसू आलं, पण वाटी काढून ठेवली. ते मी सोडून दिलं. खोबरं गावात मिळेल. तेव्हा माझा मूड फार छान होता.

शेजारी एक मालवणी गृहस्थ बसले होते. चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर. तेही जत्रेलाच निघालेले, पहिल्यांदाच विमानात. विमान वर गेलं तेव्हा त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, ‘आजी, घाबरू नका हां.’ मी म्हटलं, ‘तुम्ही माझा हात सोडा आधी.’ खुर्चीचा म्हणून त्यांनी माझा धरला होता.

घाट एवढासा दिसला. ज्या घाटाने माझा मणका खाल्ला, तो चिमटीत मावत होता. आणि मग समुद्र. मी काय लिहू! खाडी दिसली. खाडीचं वळण दिसलं. वळणावरची माडांची रांग, तिच्यामागे लाल कौलं. मी काचेला नाक लावून हात हलवायला लागले. शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, ‘कोणाला?’ मी म्हटलं, ‘बहिणीला.’ तेही वाकून हात हलवायला लागले. भला माणूस.

विमान वळलं. पुन्हा खाडी आली. गृहस्थ म्हणाले, ‘मघाशी दिसली ना ही?’ पुन्हा वळलं. मग वरून आवाज आला की धावपट्टीवर धुकं आहे, नीट दिसत नाही, आपण परत पुण्याला जात आहोत.

विमानतळ सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे, खाडीपासून जरा वर. तिथे धुकं होतं आणि आमच्या गावावर लख्ख ऊन. मला आक्काचे माड दिसत होते. खाली उतरवा म्हणून मी ओरडले नाही. पायलटने दिसत नसताना विमान खाली घातलं नाही ते योग्यच केलं, त्याच्यावर माझा राग नाही. माझा राग त्याआधीचा आहे. कोकणात थंडीत सड्यावर सकाळी धुकं असतं, हे आमच्याकडच्या बिनशाळेच्या पोरालाही कळतं. धुक्यात उतरवायची यंत्रं असतात, असं त्याच गृहस्थांनी मला सांगितलं. ती इथे बसवलेली नव्हती. फीत मात्र वेळेवर पोचली होती. फुगे वेळेवर पोचले होते. फेटे बांधणारा वेळेवर पोचला होता.

पुण्याला उतरलो. विमानकंपनीच्या खिडकीशी सगळा घोळका. खिडकीतला मुलगा एकच वाक्य सगळ्यांना सांगत होता: पैसे परत, नाहीतर पुढच्या विमानात जागा. पुढचं विमान दोन दिवसांनी.

मी म्हटलं, ‘बाळ, जत्रा उद्या आहे.’

‘मॅडम, वेदर आमच्या हातात नसतं.’

‘गोव्याच्या विमानात बसव. तिथून मी सीमा ओलांडून जाईन.’

‘आज सगळी फुल आहेत, मॅडम. तुमच्याआधी बऱ्याच जणांनी विचारलं.’ मग त्याला काय सुचलं कोण जाणे, मान कलती करून गोड आवाजात म्हणाला, ‘तुम्ही लोक जत्रेची डेट सहा महिने आधी फिक्स का नाही करत? प्लॅनिंग सोपं होतं.’

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, ‘आमची देवी एकदा तारीख देते आणि त्या दिवशी जत्रा होते. शेकडो वर्षं होते. बोट नव्हती तेव्हा झाली, बोट होती तेव्हा झाली, बोट गेली तेव्हाही झाली. तुझ्या कंपनीने आजची तारीख दिली होती. मी कुठे आहे बघ.’

मागून कुणीतरी म्हणालं, ‘बोला आजी, बोला.’ मी चाकाच्या खुर्चीतून उठले आणि सामान वजन करायच्या पट्ट्यावर जाऊन बसले. ‘माणूस म्हणून पोचवता येत नसेल तर सामान म्हणून पाठव. जाईल तेव्हा जाईन.’ पट्ट्यासमोरच्या पडद्यावर माझं वजन उमटलं आणि रांगेतल्या दोघातिघांनी ते मोठ्याने वाचलं. चाकणचे गृहस्थ पोट धरून हसत होते. खिडकीतला मुलगा घामाघूम. ‘मॅडम, प्लीज उतरा, मॅडम, ते बंद पडेल.’ मी म्हटलं, ‘पडू दे. तेही एक बंद पडू दे.’

शेवटी एका वयस्कर बाईंनी, त्यांच्याच कंपनीच्या, मला हाताला धरून उतरवलं आणि पाणी दिलं. त्यांचे मी आभार मानले नाहीत, ते इथे मानते.

मुलगा चाकणहून अर्धी शिफ्ट टाकून घ्यायला आला. कोकण बघून परत यायला जेवढा वेळ गेला, त्याहून जास्त आम्हाला लोहगावहून रावेतला पोचायला लागला. गाडी पुलाखाली अडकलेली असताना आक्काचा फोन आला. सुनेच्या मोबाइलवरून, मोठ्याने, जसं काही ती मला अंगणातूनच हाक मारत होती.

‘गो, इमानाचो आवाज इलो. मी हात दाखवलंय. मगे परत इलो, परत दाखवलंय. मगे गेलो. तू खंय उतारलंस?’

‘पुण्याक.’

‘पुण्याक? अगो, तू तर हंयच होतंस!’

‘आक्का, माका परत हाडल्यानी.’

ती म्हणाली, ‘इमान माका दिसला नाय. आभाळ नुसता पांढरा दिसता आता. आवाजाकडे हात केलंय. बरोबर बाजूक केलंय मां?’

मी हो म्हटलं. मला काय माहीत कुठल्या बाजूला केला होता! मी वरून माड बघत होते. माणूस एवढ्या उंचीवरून दिसत नाही.

‘उद्या तू सुनेबरोबर जत्रेक जा,’ मी म्हटलं. ‘माझी ओटी तूच भर.’

‘मी जावचंय नाय.’

‘आक्का, असां करू नको.’

‘एकटी भरून भरून कंटाळलंय मी. तू ये, मगे भरूया. देवी खंय पळान जातली?’ आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी जत्रा झाली. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो येत होते. रोषणाई, पाळणे, खाज्याची दुकानं, देवळाबाहेरची रांग. ऐंशीच्या उंबरठ्यावरची आक्का आयुष्यात पहिल्यांदा जत्रेला गेली नाही. घराच्या पडवीत बसून तिने जत्रेचे ढोल ऐकले, हे मला तिच्या सुनेने सांगितलं. त्या दिवशी रावेतच्या घरात टीव्हीवर कुठल्याशा आणखी एका मार्गाची फीत कापत होते. मी टीव्हीची वायरच काढली. सून म्हणाली, ‘आई, रिमोट आहे.’ मी म्हटलं, ‘मला माहीत आहे.’

जत्रा होऊन दोन दिवसांनी मुलाला ओव्हरटाइमच्या बदलीत सुट्टी मिळाली. त्याने गाडीची मागची सीट उशांनी भरली आणि मला तिच्यावर आडवं घातलं. घाटात प्रत्येक वळणाला मी फीत कापणाऱ्या एकेका पाहुण्याचा उद्धार करत होते. मुलगा म्हणाला, ‘आई, जरा देवाचं नाव घे.’ म्हटलं, ‘देवाचं काय चुकलंय?’ डॉक्टरांनी बजावलं होतं तसंच झालं. गावात उतरले तेव्हा मला सरळ उभं राहता येत नव्हतं. आक्का दारात होती. मी कमरेत वाकलेली, ती मान वाकडी करून मला शोधणारी. आम्ही दोघींनी एकमेकींना बघितलं ते असं.

जत्रेच्या माळावर आकाशपाळण्याचे लोखंडी हात जमिनीवर पडले होते. मंडपाचे बांबू सोडत होते. एकेकट्या चपला, कागदी पेले, विझलेल्या चुली. देवळात गुरव पाण्याच्या बादल्या ओतून फरशी धूत होता. आम्हाला बघून म्हणाला, ‘ओ, आता कसली ओटी? जत्रा झाली मां. धुवणी चालू आसा, संध्याकाळी येवा.’

आक्का ऐकायलाही थांबली नाही. ओल्या फरशीवरून मी तिला धरून आत नेलं, खरं तर तिने मला. खणाची दोन टोकं दोघींनी धरली. माझ्या बाजूने तांदूळ नीट पडले. तिचे बाहेर सांडले.

‘देवी खंय गो?’

‘समोर.’

‘समोर काळोख आसा.’ तिने मान डावीकडे केली, उजवीकडे केली. ‘जत्रेच्या दिवसापर्यंतचाच बाकी होता माझ्या डोळ्यात, असां वाटता.’

गाभाऱ्यात समया पेटवलेल्या नव्हत्या. जत्रेला शंभर पेटतात. मी तिचा हात धरून पुढे केला आणि पाषाणावर ठेवला. गुरव बादली टाकून धावला, ‘हात लावूचो नाय! ओ आये!’ आणि मग मी त्या देवळात ओरडले, तशी मी आयुष्यात ओरडले नसेन. काय ओरडले ते आठवत नाही. विमानाचं, बोटीचं, सगळं त्या बिचाऱ्याच्या अंगावर गेलं. आक्का मात्र शांतपणे बोटं फिरवत होती. कपाळ, नाक, मळवट. मग हात मागे घेऊन गुरवाला म्हणाली, ‘तू गप रव रे. तुझो आजो माका हंय खेळताना बघी.’

बाहेर आल्यावर मुलगा म्हणाला, ‘बरंच झालं ना आई? गर्दीत एवढं जवळून कुठे मिळालं असतं? शेवटी चांगलंच झालं.’

‘चांगलं झालं म्हणू नकोस,’ मी म्हटलं. ‘दोन दिवस आधी समया होत्या. दोन दिवस आधी तिला दिसलं असतं. पुन्हा म्हणालास तर तू चालत जा पुण्याला.’

तो गाडीकडे निघून गेला. मी तरातरा निघाले, म्हणजे वाकलेली बाई जेवढी तरातरा जाते तेवढी. आक्काने पदर ओढला.

‘रागान चाललंस देवळातसून?’

‘हो.’

‘चल, चल. पण माझो हात सोडू नको. हंय पायरी आसा, आणि माका ती दिसना नाय.’